अ‍ॅबसिंथ प्यायची कशी: पाणी, साखर आणि भरपूर सवड

नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला राहायला आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही चार मराठी डोकी एका घरी जमलो आणि अ‍ॅबसिंथची बाटली उघडली. कुणीतरी व्हिडिओ पाहून आलं होतं. साखरेचा खडा दारूत बुडवला, काडी लावली, निळी ज्योत बघून टाळ्या वाजवल्या. जळती साखर टपकन खाली पडली आणि ग्लासातली दारूही पेटली. ग्लास तडकला, टेबलक्लॉथ गेला. वाचलेली दारू आम्ही नाक दाबून एका घोटात संपवली. चव म्हणाल तर करपलेल्या साखरेत कालवलेला काढा. ‘हिच्यापायी एवढा गाजावाजा?’ असं म्हणून बाटली कपाटात गेली.

महिन्याभराने शेजारच्या मादामना हा किस्सा सांगितला. वय पंच्याहत्तरच्या पुढे, माहेर जवळच्याच व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यातलं, म्हणजे अ‍ॅबसिंथच्या जन्मगावचं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘बाटली घेऊन या.’ टेबलावर बर्फ घातलेल्या पाण्याचा जग, दोन ग्लास, बस्स. मी जग उचलून भडाभडा ओतायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं: ‘दूसमाँ, दूसमाँ.’ हळू, हळू.

त्या संध्याकाळपासून मला पटलंय की या पेयात शिकण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे पाणी घालणं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं. नव्याने हात घालणाऱ्यांची माझ्यासारखी फजिती होऊ नये म्हणून हे लिहितेय.

१. आधी बाटलीत काय असतं ते समजून घ्या

अ‍ॅबसिंथ ही तीन वनस्पतींची दारू. पहिली वर्मवुड, युनानी औषधांत जिला अफसंतीन म्हणतात तीच. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अ‍ॅबसिंथियम. दुसरी अनिस आणि तिसरी बडीशेप. अनिस आणि बडीशेप वासाने सख्ख्या बहिणी, पण बी वेगवेगळं. आपल्याकडे जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिसियाच. वर्मवुडचं पान पहिल्यांदा बोटांत चुरडून हुंगलं तेव्हा मला आधी चैत्रातली जोतिबाची वाट आठवली. मग ते जिभेला लावलं आणि सगळी आठवण पळाली, इतकं ते कडू. दवणा गोड स्वभावाचा, हिचा स्वभाव कडूलिंबाचा.

मग दारू तेवढी कडू का नसते? कारण या वनस्पती मद्यार्कात भिजवून नंतर ते ऊर्ध्वपातन करतात. वास आणि तेलं वाफेबरोबर वर जातात, मुख्य कडू द्रव्य भांड्याच्या तळाशी राहतं. म्हणूनच चांगली अ‍ॅबसिंथ हलकी कडवट असते, तोंड वाकडं करायला लावणारी नाही. काढलेली दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. ती तशीच बाटलीत भरली की ‘ब्लाँश’, स्वित्झर्लंडमध्ये ‘ला ब्लू’. तिच्यात पुन्हा छोटी वर्मवुड, हिसप, लेमन बाम अशी पानं भिजवून हिरवा रंग आणला की ‘व्हेर्त’. हा हिरवा म्हणजे पानांतलं हरितद्रव्य, दुसरं काही नाही. त्यामुळे जुन्या बाटलीचा रंग वाळक्या पानासारखा पिवळट तपकिरी झाला तर घाबरू नका. फ्रेंच लोक त्या रंगाला ‘वाळकं पान’ असंच म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात.

दारूचं प्रमाण साधारण ४५ ते ७४ टक्के. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. हा फरक पुढे प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवा.

२. बाटली निवडताना

पहिली पारख रंगाची. झगझगीत पोपटी, माउथवॉशसारखा निळसर हिरवा दिसला तर बाटली परत ठेवा. मागच्या लेबलावर कृत्रिम रंग लिहिलेला असतोच, फक्त अक्षर बारीक असतं. दुसरी पारख ऊर्ध्वपातनाची. फ्रेंच लेबलावर ‘दिस्तिले’ शब्द शोधा. मद्यार्कात तेलं आणि अर्क मिसळून बनवलेला मालही बाजारात आहे आणि तो स्वस्त असतो. तिसरी, absinthe या नावाच्या शेवटचं ‘e’ अक्षर. १९९०च्या दशकात चेक प्रजासत्ताकातून जो माल जगभर गेला, त्याच्यावर बहुधा ते अक्षर नसतं आणि त्यात अनिसही जेमतेम असतं. अनिस नाही म्हणजे पाणी घातल्यावर दारू दुधाळ होणार नाही, आणि ती दुधाळ होणं हीच तर सगळी मजा.

बाटलीवर कवट्या, डोळे, ‘थुजोन सर्वाधिक’ असली जाहिरात असेल तर पैसे वाचवा. थुजोनचं पुढे सांगते.

नवख्यांनी सुरुवात ला ब्लूने करावी असं माझं मत. ती ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास मिळते, मऊ असते आणि चुका पोटात घालते. सत्तरीच्या पुढची हिरवी बाटली दुसऱ्या वर्षाला.

३. सामानाची यादी

- अ‍ॅबसिंथ, माणशी ३० मिलि. मोजायला पेग मेजर घ्या, अंदाजपंचे नको.
- बर्फगार पाणी, माणशी किमान १५० मिलि. नळाचं चालेल, क्लोरीनचा वास असलेलं नाही.
- जाड बुडाचा, उभट ग्लास. पारदर्शक हवा. स्टीलच्या पेल्यात अर्धा खेळ दिसतच नाही.
- भोकांचा चपटा चमचा, ग्लासाच्या काठावर आडवा बसणारा. नसेल तर जेवणाचा काटा आडवा ठेवा, शुगर क्यूब त्यावर मजेत बसतो.
- शुगर क्यूब. खडीसाखर घेऊ नका. मी घेतली होती. पाणी संपलं, खडा तसाच.
- बारीक धारेचा जग.

जुन्या फ्रेंच कॅफेंत जगाऐवजी टेबलावर कारंजं असायचं: उंच दांड्यावर काचेचा गोळा, त्यात बर्फ आणि पाणी, खाली चार-सहा छोट्या तोट्या. तोटी किंचित सैल केली की पाणी थेंबथेंब पडतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला महादेवाच्या पिंडीवरची गळती आठवली. (हे आईला सांगितलेलं नाही.) कारंजं महाग असतं आणि घरी त्याची गरज नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा, बाटलीत गार पाणी भरा, उलटी धरून हलकेच दाबा. दिसायला गबाळं, पण थेंब पक्के.

४. मुख्य कृती

(अ) ग्लासात ३० मिलि अ‍ॅबसिंथ घाला. बर्फ ग्लासात नाही, पाण्यात. थेट बर्फ घातला तर दारू अवेळी गार होते, चव मिटते आणि दुधाळपणा नीट फुलत नाही.

(आ) पाणी घालण्याआधी एकदा हुंगून घ्या. नंतरच्या वासाशी ताडून बघायला उपयोगी पडतं. चाखायची घाई नको.

(इ) चमचा काठावर आडवा ठेवा, त्यावर एक क्यूब.

(ई) क्यूबवर पाण्याचे तीन-चार थेंब सोडा आणि थांबा. क्यूब पाणी पिऊन घेतो, कडा ढासळायला लागतात. पुरतं अर्धं मिनिट जाऊ द्या. या थांबण्याला टाळाटाळ करणाऱ्यांचा क्यूब शेवटी अर्धा उरतो आणि मग चमच्याने ढवळाढवळ सुरू होते.

(उ) आता थेंबथेंब पाणी, साखरेवरूनच. सुरुवातीला काहीच होत नाही. थेंब दारूत शिरतो, तेलाच्या वळ्यांसारख्या रेषा फिरतात आणि विरतात. नजर ग्लासाच्या तळाशी ठेवा. थोड्या वेळाने तिथे धुकं धरायला लागतं आणि वर चढतं. वरती हिरव्या दारूची एक पातळ रेघ उरते. ती रेघ नाहीशी होईपर्यंत थेंबच, धार नाही. फ्रेंचमध्ये या दुधाळ होण्याला ‘लूश’ म्हणतात.

हे का होतं ते आपल्याला समजायला सोपं आहे, कारण आपण सगळ्यांनी बादलीत डेटॉल टाकलेलं आहे. अनिस आणि बडीशेपेतलं अनेथोल नावाचं तेल मद्यार्कात विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की ते बारीक बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं आणि प्रकाश विखरून पांढुरकं दिसतं. त्याच वेळी मद्यार्काच्या आड दबून बसलेले वास मोकळे होतात. हळू घातलेल्या पाण्यात ते एकामागून एक येतात: आधी अनिस, मग गवताळ, मग फुलांसारखं काहीतरी. भसकन ओतलंत तर सगळे एकदम येतात आणि नुसती बडीशेपेची गोळी चघळल्यासारखं वाटतं.

(ऊ) रेघ गेली की बारीक धार चालेल. एकूण पाणी दारूच्या तिप्पट ते पाचपट. हिशेब असा: ५४ टक्क्यांच्या ३० मिलि दारूत ९० मिलि पाणी घातलं की झाली साडेतेरा टक्के, म्हणजे वाइनइतकी. ६८ टक्क्यांच्या दारूला तेवढ्यावर आणायला १२० मिलि लागतं. तिपटीवर थांबा, घोट घ्या, मग वाढवा. घातलेलं पाणी काढता येत नाही.

(ए) उरलेली साखर चमच्याने आत पाडून एकदाच ढवळा.

या सगळ्याला चार-पाच मिनिटं जातात. ज्याला तेवढी सवड नाही त्याने बिअर प्यावी, त्यात कमीपणा नाही.

५. साखर हवीच का?

नाही. व्हाल-द-त्राव्हेरमध्ये ला ब्लू बहुतेक जण बिनसाखरेची घेतात, आणि मादामच्या घरी साखरेचं भांडं टेबलावर येतच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘चहात घाला.’ फ्रान्सच्या कॅफेंत मात्र साखरेची रीत रुळलेली होती. हिरव्या, तीव्र दारूला अर्धा क्यूब मला बरा वाटतो. पहिला ग्लास बिनसाखरेचा करून बघा, गरज वाटली तर दुसऱ्या वेळी घाला.

६. दोन ग्लासांची जुनी रीत

ही कुणी दाखवत नाही म्हणून मुद्दाम देते. एका मोठ्या ग्लासात छोटा ग्लास उभा ठेवा. छोट्यात काठोकाठ अ‍ॅबसिंथ. आता छोट्या ग्लासात थेंबथेंब गार पाणी सोडा. पाणी जड, दारू हलकी. पाणी तळाशी जातं आणि दारू काठावरून बाहेरच्या ग्लासात सांडत राहते, सांडतासांडता दुधाळ होते. छोट्या ग्लासात जवळजवळ नुसतं पाणी उरलं की पेय तयार. छोटा ग्लास उचलून बाजूला ठेवा. चमचा नाही, साखर नाही. पाहुण्यांसमोर करायला याहून देखणं काही नाही, फक्त छोटा ग्लास खरोखर छोटा, ३० मिलिचाच घ्या.

७. आग लावायची नाही

साखर पेटवण्याची ‘बोहेमियन’ रीत एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची नाही. ती १९९०च्या दशकातली, चेक बारमधली. दुधाळ न होणाऱ्या दारूला काहीतरी तमाशा हवा होता, तो आगीने पुरवला. त्याने चव करपते, आणि ६८ टक्क्यांची दारू कशी पेटते ते मी वर सांगितलंच आहे. खऱ्या अ‍ॅबसिंथने आग एकदाच गाजवली: ११ ऑगस्ट १९०१ला फ्रान्समधल्या पोंतार्लिए गावी पेर्नोच्या अ‍ॅबसिंथ कारखान्यावर वीज पडली. स्फोट टाळायला टाक्या दू नदीत रिकाम्या केल्या आणि काही दिवसांनी लांबवरच्या लू नदीच्या उगमाशी अ‍ॅबसिंथचा वास येऊ लागला. या दोन नद्या जमिनीखालून जोडलेल्या आहेत हे त्यावरून कळलं.

८. डोकं फिरतं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, बहुतेक जण आशेने. उत्तर: दारूने फिरतं तेवढंच. वर्मवुडमधलं थुजोन फार मोठ्या मात्रेत मेंदूला घातक आहे हे खरं, पण युरोपात त्याची मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम आहे. आणि बंदीआधीच्या १३ जुन्या बाटल्यांची तपासणी २००८मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतलं थुजोनही सरासरी लिटरमागे २५ मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. म्हणजे दंतकथांमधली ‘हिरवी परी’, हे अ‍ॅबसिंथचं जुनं टोपणनाव, तीही आजच्याइतकीच होती. फरक एवढाच की तेव्हाच्या स्वस्त मालात रंगासाठी तांब्याचे क्षारसुद्धा घालत.

मग बंदी का आली? १९०५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कॉम्युन्यी गावी झाँ लाँफ्रे नावाच्या मजुराने गरोदर बायकोचा आणि दोन मुलींचा खून केला. त्या दिवशी त्याने ढीगभर वाइन ढोसली होती, अ‍ॅबसिंथचे ग्लास दोन. बोट मात्र अ‍ॅबसिंथकडे गेलं. १९०८च्या सार्वमतात स्विस जनतेने बंदीचा कौल दिला आणि १९१०पासून ती लागू झाली. फ्रान्सने १९१५मध्ये तेच केलं. स्वित्झर्लंडमध्ये बंदी उठली ती थेट १ मार्च २००५ला. मधली पंचाण्णव वर्षं खोऱ्यातल्या स्वयंपाकघरांत ती गुपचूप निघतच होती. १९८३मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितेराँ न्यूशातेलला आले, तेव्हा सरकारी मेजवानीत त्यांना अ‍ॅबसिंथ घातलेलं गोठवलेलं सूफ्ले वाढलं गेलं. केवढा गहजब झाला असेल, कल्पना करा.

खरी काळजी वेगळी. पेय गार, गोडसर, बडीशेपेच्या चवीचं, त्यामुळे जाणवत नाही. ६८ टक्क्यांचा ३० मिलिचा एक ग्लास म्हणजे व्हिस्कीच्या दीड छोट्या पेगहून जास्त. मी दोनावर थांबते. गाडी चालवायची असेल, गरोदर असाल, फिट्सचा त्रास असेल किंवा झोपेची, मेंदूची औषधं चालू असतील तर हात लावू नका.

आणि एक ठाम सूचना: वर्मवुडचं तेल किंवा पानं विकत आणून घरी ‘अ‍ॅबसिंथ’ करू नका. तेल पिऊन मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत पाळी आलेली आहे. पानं नुसती व्होडकात भिजवलीत तर, ऊर्ध्वपातन नसल्याने, ते पिण्याच्या लायकीचं नसतं. घरी दारू गाळणं आपल्याकडे गुन्हा आहे हे वेगळंच.

९. ठेवायची कशी

अंधाऱ्या कपाटात, उभी. उन्हात रंग उडतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने अनेथोलचे स्फटिक धरतात आणि बाटलीत पांढरा कचरा पडल्यासारखा दिसतो. झालंच तसं तर बाटली खोलीच्या उबेला ठेवा, सावकाश विरघळतो.

१०. भारतात नेताना

इथे माझ्या ओळखीतल्या एकाची ७२ टक्क्यांची महागडी बाटली विमानतळावर गेली. ७० टक्क्यांपेक्षा जास्त मद्यार्काची दारू विमानात चालत नाही, ना हातातल्या सामानात ना चेक-इनमध्ये. म्हणून विकत घेतानाच लेबलावरचा आकडा बघा. बाकीचं असं:

- बाटली मूळ सीलबंद, बिल सोबत, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून.
- भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. त्यात व्हिस्की, वाइन सगळं धरून, हे विसरू नका.
- महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवाना हवा. कुणी विचारत नाही म्हणून तो काढायचा नाही, असं नाही.

११. खोऱ्यात प्रत्यक्ष जायचं असेल तर

न्यूशातेलहून व्हाल-द-त्राव्हेरची छोटी गाडी पकडा, तासाच्या आत पोचता. मोतिएला उतरा. तिथलं अ‍ॅबसिंथ संग्रहालय ज्या इमारतीत आहे, तिथेच पूर्वी चोरून दारू गाळणाऱ्यांवर खटले चालत. बोव्हरेसमध्ये वर्मवुड वाळवण्याचं जुनं लाकडी कोठार आहे. कुव्हे हे पहिल्या कारखान्याचं गाव, साल १७९७ धरतात. गाळणाऱ्यांची छोटी घरं चाखायला देतात, पण आधी फोन करून जा. बऱ्याच ठिकाणी दारू गाळणारा आणि दार उघडणारा एकच माणूस असतो. वयाचा पुरावा जवळ ठेवा, कडक दारूसाठी इथे १८ पूर्ण लागतात. एका दिवसात दोनपेक्षा जास्त घरं करू नका. तिसऱ्या घरी जीभ काही सांगत नाही.

चालायची आवड असेल तर न्वारेगहून क्रू-द्यु-व्हाँच्या कड्याखाली फोंतेन फ्रॉआदला जा, म्हणजेच ‘थंड झरा’. पाणी वर्षभर चार अंशांच्या आसपास. इथल्या काही झऱ्यांपाशी वाटसरूंसाठी अ‍ॅबसिंथची बाटली लपवून ठेवायची रीत आहे. सापडली तर एक बोटभर घ्या, झऱ्याचं पाणी ओंजळीतून थेंबथेंब सोडा, थोडी नाणी ठेवा आणि झाकण घट्ट लावून बाटली होती तिथेच ठेवा. स्वतःचा ग्लास मात्र न्यूशातेलहूनच घेऊन निघा.